पाड दिसला नाही तरी आंबा कळतो

पिकलेलं फळ हिरव्या पानांत चटकन दिसावं म्हणून माकडांची रंगांची जाण विकसित झाली, असा विचार ग्रँट अ‍ॅलन या लेखकानं 1879 मध्ये मांडला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल ब्रोका हा मेंदूतज्ज्ञ लिहीत होता की माणूस आणि माकडं वासाच्या बाबतीत दुबळी आहेत. पुढं हे दोन्ही विचार एकत्र झाले आणि एक सोपी गोष्ट तयार झाली: डोळा आला, नाक गेलं. शाळेपासून आपण हीच ऐकत आलो. ती मला कधी पटली नाही, आणि त्याचं कारण माझ्या बागेत आहे.

मी देवगडकडचा आंबा बागायतदार. लाल आणि हिरवा मला जन्मापासून नीट वेगळे दिसत नाहीत. माझ्या मामालाही दिसत नव्हते. झाडाला पाड लागला की गडी खालून बोट दाखवतात, पण पानांच्या गर्दीतलं ते पिवळं-लालसर फळ मला सापडत नाही. आढीपाशी मात्र मला कुणाला विचारावं लागत नाही. पेंढा बाजूला सारला की कुठल्या बाजूची फळं तयार झाली ते वासावर समजतं; मग एकेक उचलून देठाशी हुंगायचं. घरातल्या सगळ्यांपेक्षा मी जास्त हुंगतो.

मामा-भाच्याच्या या नात्यामागं कोट्यवधी वर्षांचा इतिहास आहे. डायनोसॉरच्या काळात सस्तन प्राणी बहुधा रात्री वावरत. त्या अंधारात रंग टिपणाऱ्या शंकूपेशींचे काही प्रकार हरवले आणि बहुतेकांकडं दोनच उरले. साधारण 3 ते 4 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या पूर्वजांत एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकाची जादा प्रत तयार झाली. दोन्ही प्रतींत हळूहळू फरक पडला: एकीची पेशी 530 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट प्रकाशाला, तर दुसरीची 560 च्या आसपासच्या पिवळसर प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देऊ लागली. लाल आणि हिरवा वेगळे पडले ते इथं. आपल्याकडची लालतोंडी माकडं, वानरं आणि आपण, सगळे या घराण्यातले. पण या दोन प्रती गुणसूत्रावर शेजारी असतात आणि इतक्या सारख्या असतात की पुढच्या पिढीत जाताना त्यांची कधीकधी सरमिसळ होते. पुरुषाकडं एक्स एकच, त्यामुळं बिघाड झाकायला दुसरा नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे 8 टक्के माझ्यासारखे असतात.

अमेरिका खंडातल्या बहुतेक माकडांत ही जादा प्रत नाही. तिथं एकच जनुक आहे, पण त्याचे प्रकार अनेक. ज्या मादीला आईकडून एक आणि बापाकडून वेगळा प्रकार मिळतो, तिला तीन रंगांची नजर लाभते; सगळे नर आणि उरलेल्या माद्या दोन रंगांवर राहतात. एकाच टोळीत एकाच झाडाकडं असं दोन तऱ्हांनी पाहिलं जातं.

कोस्टा रिकातल्या पांढऱ्या तोंडाच्या कॅप्युचिन माकडांवर अमांडा मेलिन आणि सहकाऱ्यांनी नेमका याचाच अभ्यास केला. 25 महिने, 75 माकडं, 18 प्रकारच्या झाडांची फळं. पिकताना ज्या फळाचा वास जास्त वाढतो, ते माकडं जास्त वेळा हुंगतात. आणि ज्यांना लाल-हिरवं कळत नाही, ती माकडं इतरांपेक्षा जास्त हुंगतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेलं हे वाक्य वाचलं तेव्हा आढीपाशी बसलेला मी मला त्या जंगलात दिसलो.

नाक गेलं म्हणणाऱ्यांकडं आधार नाही असं नाही. उंदराकडं वास ओळखणारी हजाराहून अधिक जनुकं चालू स्थितीत आहेत, आपल्याकडं सुमारे 400. तेवढीच जवळजवळ निकामी होऊन पडली आहेत. 2004 मध्ये योआव गिलाड यांच्या गटानं ही पडझड तीन रंगांच्या नजरेशी जोडली. नंतर अधिक प्राण्यांची जनुकं तपासली गेली, तेव्हा ती पडझड एका झटक्यात झालेली नसून हळूहळू झाल्याचं दिसलं. शिवाय जनुकं मोजली म्हणजे नाक मोजलं असं होत नाही. माथियास लास्का यांनी माकडांना प्रत्यक्ष वास देऊन पाहिले, आणि काही वासांना ती आश्चर्य वाटावं इतकी तीक्ष्ण निघाली.

मादागास्करचे ओलसर नाकाचे लेमूर बहुतेक लाल-हिरव्याला पारखे असतात. तिथल्या ज्या झाडांच्या बिया लेमूरच पसरवतात, त्यांची फळं पिकताना आपला वास ठळकपणे बदलतात. पक्ष्यांवर अवलंबून असलेली फळं तितका बदलत नाहीत. म्हणजे खाणाऱ्याच्या नाकानं झाडालाही घडवलं आहे.

दोन रंगांची नजर नुसती उणी आहे, असंही नाही. पानाच्या, सालीच्या रंगात मिसळून बसलेले किडे त्याच कॅप्युचिन टोळ्यांतली रंगांध माकडं अधिक चांगले पकडतात, विशेषतः झाडांच्या दाट सावलीत. रंगाचा भुलावा त्यांच्यावर चालत नाही. त्यांना आकार आणि कडा दिसतात. फळं एकीला लवकर सापडतात, किडे दुसरीला, आणि म्हणूनच दोन्ही नजरा त्या माकडांत पिढ्यानपिढ्या टिकून राहिल्या असाव्यात, असं काही संशोधक मानतात.