जिव्या सोमा म्हसे यांची बोलणारी चित्रे



आपल्या शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने माणसे काढली आहेत. दोन त्रिकोण, वर गोल डोके आणि काडीसारखे हातपाय. त्यांना वारली चित्रे म्हणतात. काही जण म्हणतात, “ही तर काड्यांची माणसं. कुणीबी काढील.” पण ही चित्रे नुसती बघायची नसतात, ती वाचायची असतात. कशी वाचायची ते गुरुजींनी आम्हाला समजावून सांगितले. तेच मी इथे लिहितो.

वारली हे आदिवासी लोक आहेत. ते पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार या बाजूला राहतात. तिकडे डोंगर आणि झाडी लई आहे. आपल्याकडे जशी ज्वारी, तसा तिकडे भात. त्यांच्या घराच्या भिंती कुडाच्या असतात आणि शेणामातीने सारवलेल्या असतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवले की झाला पांढरा रंग. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की झाला ब्रश. दुकानातून काहीच आणावे लागत नाही.

पूर्वी ही चित्रे लग्नाच्या वेळी बायकाच काढायच्या. भिंतीवर मोठा चौकोन काढतात, त्याला चौक म्हणतात. चौकाच्या आत पालघाट देवी असते. ती झाडांची आणि पिकांची देवी. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. आपली आजी नागपंचमीला भिंतीवर नाग काढते ना, तसेच हे समजा.

आता या चित्रांची अक्षरे बघू. गोल आला सूर्य आणि चंद्रावरून. त्रिकोण आला डोंगरावरून आणि टोकदार झाडावरून. चौकोन मात्र माणसाने केला, आपल्या जागेला कुंपण घातल्यासारखा. एवढ्या तीन अक्षरांत माणूस, बैल, मोर, झाड, घर सगळे लिहिता येते. म्हणजे ज्या त्रिकोणाने डोंगर होतो त्याच त्रिकोणाने माणूस होतो. माणूस आणि डोंगर एकाच घरचे, असे त्याचे म्हणणे आहे.

या चित्रांना साऱ्या जगात नेणारे चित्रकार म्हणजे जिव्या सोमा म्हसे. त्यांचा जन्म 1934 साली झाला. ते डहाणू तालुक्यात गंजाडला राहायचे. सात वर्षांचे असताना त्यांची आई वारली. तेव्हापासून त्यांनी बोलणेच बंद केले. काही सांगायचे असले की ते मातीत चित्र काढून सांगायचे. सात वर्षांचा म्हणजे दुसरीतला पोरगा! आपल्या दुसरीच्या वर्गाकडे बघितले की मला ते आठवते.

1970 च्या सुमारास भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या भागात गेले. त्यांनी तिथल्या लोकांना कागद आणि रंग दिले. तोपर्यंत चित्र फक्त लग्नात आणि सणाला निघायचे. जिव्याबाबा मात्र रोज काढू लागले. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1989 साली त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 15 मे 2018 रोजी ते वारले.

गुरुजींनी त्यांची चित्रे मोबाईलवर दाखवली. एका चित्रात मासे धरायचे जाळे आहे. आपल्या धरणावर भोई लोक जाळे टाकतात, ते आपण पाहिले आहे. पण हे जाळे सगळा कागद व्यापून बसले आहे! त्याच्यापुढे माणूस ज्वारीच्या दाण्याएवढा दिसतो. खरे जाळे एवढे मोठे कधी असते का? नसते. पण ज्याचे पोट जाळ्यावर आहे त्याला ते तेवढेच मोठे वाटत असणार. म्हणजे हे चित्र डोळ्याला दिसते तसे नाही, मनाला वाटते तसे आहे.

दुसरी गंमत अशी, की या माणसांना नाक डोळे नसतात. मग ओळखायचे कसे? डोक्यावर अंबाडा असला की बाई. हातात वाद्य असले की तारपा वाजवणारा. तारपा हे भोपळ्याचे फुंकून वाजवायचे वाद्य आहे. त्याच्याभोवती बाकीचे एकमेकांना धरून, गोल फेर करून नाचतात. कोण मोठा, कोण लहान, कोण श्रीमंत हे कळत नाही. कोण काय करतो एवढेच कळते.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. ती दिवाळीच्या आधी आईबापाबरोबर ऊसतोडीला जाते आणि पाडव्याच्या आसपास परत येते. आल्यावर ती कुणाशी बोलत नव्हती. पोरं म्हणायची, हिला काही येत नाही. हा धडा झाल्यावर गुरुजींनी तिला खडू दिला. तिने उसाच्या पाचटाची कोप काढली, बैलगाडी काढली, धाकट्या भावाला झोळीत काढले. आणि कोयता काढला तो कोपीपेक्षा मोठा! आम्ही ते चित्र न सांगता वाचले. हिला काही येत नाही असे आता कुणी म्हणत नाही.

तिने तेच चित्र कागदावर काढून दिले आहे. ते या लेखाच्या खाली लावले आहे. पालकांनी ते वाचूनच पुढे जावे, ही विनंती.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी