लिहिलं, पोस्ट केलं आणि सात दिवस वाट पाहिली

‘लिहून पैसे मिळतात म्हणे!’

फेब्रुवारीत आमच्या क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा मेसेज पडला आणि दहा मिनिटांत रिप्लायचा पाऊस. निम्म्या जणांना हा चेन मार्केटिंगचा नवा प्रकार वाटला. खामगावच्या एका मित्रानं लिहिलं, ‘अबे, आपण असाइनमेंट फुकट लिहून राह्यलो, तिथं लोकं पैसे घेऊन राह्यले!’ त्यावर हसण्याचे इमोजी आले आणि विषय संपला. माझ्यासाठी मात्र तो संपला नाही.

कारण साधं होतं. मी मेहकर तालुक्यातली, शिकायला बुलडाण्यात रूम करून राहते. रूमचं भाडं, मेस, वर मोबाइलचा रिचार्ज. घरी सोयाबीनचा भाव काय चालू आहे ते मला फोनवर बाबांच्या आवाजावरूनच कळतं. अशा वेळी ‘बाबा, पाचशे टाका ना’ म्हणायचं जिवावर येतं. आणि मला येतं काय, तर लिहिता येतं. म्हणून त्या रात्री मी स्टीमिटवर अकाउंट उघडायला बसले.

स्टीमिट ही २०१६ साली सुरू झालेली साइट. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघांनी ती उभी केली. कल्पना अशी की, तुम्ही लेख टाकायचा, लोकांना आवडला तर ते त्याला मत देणार आणि त्या मतांवर तुम्हाला ‘स्टीम’ नावाची क्रिप्टो नाणी मिळणार. संपादक नाही. मग हे पैसे देतं कोण? पहिला आठवडा मीही हेच विचारत होते. उत्तर असं आहे की यंत्रणा रोज काही नवी नाणी तयार करते. ती एका हंडीत पडतात असं समजा. त्या हंडीतून कुठल्या पोस्टला किती द्यायचं ते मतांवर ठरतं. म्हणजे नाण्याला बाजारात जो भाव असेल तेवढीच तुमच्या लेखाची किंमत. जानेवारी २०१८ मध्ये एका स्टीमचा भाव आठ डॉलरपर्यंत गेला होता. पुढं तो घसरला तो एका डॉलरच्याही खूप खाली. जुन्या व्हिडिओंमध्ये ‘एका पोस्टचे शेकडो डॉलर’ दाखवणारी मंडळी दिसतात, ती त्या काळातली आहेत. व्हिडिओची तारीख बघत जा, एवढंच सांगते.

अकाउंटचं काम अवघड नाही. ईमेल, मोबाइल नंबर, एक युजरनेम. पण त्यानंतर स्क्रीनवर जी लांबलचक अक्षरांची माळ येते ना, तिथं थांबा. तो मास्टर पासवर्ड. त्यातूनच वेगवेगळ्या किल्ल्या निघतात. पोस्टिंगची किल्ली रोजच्या लिहिण्यासाठी आणि मत देण्यासाठी, अॅक्टिव्ह किल्ली पैसे हलवण्यासाठी, ओनर किल्ली सगळ्यांची मालकीण. रोज लॉगिन करायचं ते फक्त पोस्टिंगच्या किल्लीनं. बाकीच्या किल्ल्या ऑनलाइन कुठंच ठेवायच्या नाहीत, कागदावर लिहायच्या.

माझ्या रूममेटनं माझ्यासोबतच अकाउंट काढलं होतं. तिनं त्या माळेचा स्क्रीनशॉट घेतला आणि म्हणाली, ‘झालं की सेव्ह.’ पंधरा दिवसांनी तिचा फोन हँग व्हायला लागला, तिनं तो रिसेट मारला आणि स्क्रीनशॉट गेला. ‘फरगॉट पासवर्ड’चं बटण शोधत आम्ही रात्री दीडपर्यंत बसलो. मग कळलं की हरवलेली किल्ली नवी करून देणारं इथं कुणीच नसतं. बँकेत जाऊन आधार कार्ड दाखवायची सोय नाही. तिच्या दोन पोस्ट आजही तिथं दिसतात, त्यांना मिळालेली चिल्लरही दिसते. हात मात्र लावता येत नाही. ती म्हणते, माझं श्राद्ध झाल्यासारखं वाटतं.

आता माझी गंमत. खरं तर गंमत नाही, लाजच.

नवीन आलेल्यानं आधी आपली ओळख करून देणारी पोस्ट टाकायची, ही तिथली जुनी रीत. २०२० नंतर नवख्यांच्या कम्युनिटीत तर पायऱ्याच ठरवून दिल्या होत्या. पहिली ओळख, मग किल्ल्यांची सुरक्षा, मग चोरी न करता कसं लिहायचं आणि चौथी मार्कडाऊन, म्हणजे मथळा, ठळक अक्षरं, फोटो यांसाठीच्या खुणा. ओळखीच्या पोस्टमध्ये हातात नाव आणि तारीख लिहिलेला कागद धरून फोटो काढायचा. खोटी अकाउंट कमी व्हावीत म्हणून. मी तो फोटो टाकला, चार जणांनी ‘वेलकम’ म्हटलं, दोन मतं मिळाली. मी खूश.

पुढची पोस्ट लोणारवर. बुलडाणा जिल्ह्यातली पोरगी दुसरं काय टाकणार? घाई होती म्हणून इकडून एक परिच्छेद उचलला, तिकडून एक, शब्द थोडे फिरवले, नेटवरचा गुलाबी तळ्याचा फोटो लावला. इंग्रजी पण छान वाटत होतं, माझं नव्हतंच ना ते. चार तासांत खाली कमेंट आली. मूळ लेखाची लिंक, मूळ फोटोची लिंक आणि एकच ओळ, ‘हे तुमचं आहे का?’ मिळालेली मतं लोकांनी काढून घेतली. मी पोस्ट बदलली, पण ब्लॉकचेनवर जुना मजकूर तसाच राहतो. पुसता येत नाही. कॉलेजात कॉपी पकडली गेली तर सर ओरडतात आणि पुढच्या सेमिस्टरला विसरतात. इथं कुणीच विसरत नाही. एआयकडून लिहून घेतलेला मजकूरही अनेक कम्युनिटीत तपासला जातो, हे तेव्हाच समजलं.

दोन दिवस मी ती साइट उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मेहकरहून लोणारची एसटी धरली.

तळ्यापाशी उतरताना नाकात जो वास शिरतो, तो त्या उचललेल्या परिच्छेदांत कुठंच नव्हता. पाणी एवढं अल्कधर्मी की त्यात हळद टाकली तर लाल होते. हे शाळेच्या सहलीत बघितलं होतं, तेच आठवलं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्यामागं मीठ-खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तळ्याला रामसर दर्जा मिळाला. ही माहिती या वेळी मी स्रोत सांगून दोन ओळींत उरकली. बाकी लेख माझा. दैत्यसूदन मंदिराबाहेर बसून खाल्लेली भाकर, पाय घसरून फाटलेली चप्पल, माझ्याच फोननं काढलेले सहा फोटो.

या पोस्टला मतं आली. एका कोरियन माणसाचं एक मत तर बाकीच्या सगळ्यांपेक्षा जड निघालं. इथं एक गोष्ट समजून घ्या. आपल्या सहकारी सोसायटीत सभासद लहान असो की मोठा, मत एकच. स्टीमिटवर तसं नाही. ज्याच्याकडे ‘स्टीम पॉवर’ जास्त, म्हणजे ज्यानं जास्त नाणी अडकवून ठेवलीत, त्याचं मत जड. म्हणून आख्ख्या क्लासला अकाउंट काढायला लावून स्वतःच्या पोस्टवर साठ मतं घेतली तरी बेरीज जवळपास शून्य. आम्ही करून बघितलंय. त्यात पोस्टची एकूण कमाई दोन सेंटच्या खाली राहिली तर यंत्रणा काहीच देत नाही.

मतं सात दिवस जमा होतात, सातव्या दिवशी हिशोब. २०१९ पासून निम्मा वाटा लेखकाचा आणि निम्मा मत देणाऱ्यांचा. आधी लेखकाला ७५ टक्के मिळायचे. नवीन अकाउंटला दिवसभरात भरमसाट पोस्ट-कमेंटही करता येत नाहीत. अडकवलेल्या नाण्यांच्या प्रमाणात तेवढीच ‘ताकद’ मिळते आणि ती संपली की भरून येईपर्यंत गप्प बसायचं. मला हे आधी जाचक वाटलं. नंतर त्या मोकळ्या वेळात मी दुसऱ्यांचं वाचायला लागले आणि कमेंट करायला लागले. ‘नाइस पोस्ट’ असली नाही, काहीतरी विचारणारी. माझे कायमचे वाचक आले ते त्या कमेंटमधून, माझ्या पोस्टमधून नाही.

आणि आता दुखणं. माझी सगळ्यात चांगली पोस्ट कुठली, विचाराल तर भेंडवळची. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव, अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथं शेतात घटमांडणी होते. गोलाकार अठरा धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, भजी, वडे, कुरडई. रात्रभर तिकडं कुणी फिरकत नाही. पहाटे काय हललं, काय जागचं गेलं ते बघून वाघ घराण्यातले महाराज पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. भाकितावर माझा विश्वास नाही, तसं मी लिहिलंही. पण उजाडायच्या आधी वावरात उभे असलेले शेकडो शेतकरी, कपाशी पेरू की नको एवढंच डोक्यात घेऊन आलेले, ते मी माझ्या मराठीत लिहिलं. मन लावून.

सात दिवसांनी कमाई शून्य.

मराठी वाचणारे तिथं मोजकेच, आणि जड मतं असलेल्यांना मराठी येत नाही. यात नवल नाही. गुगलच्या अॅडसेन्सनं म्हणजे वेबसाइटवर जाहिराती देणाऱ्या यंत्रणेनं मराठीला जागा दिली तीच मुळी २०१८ मध्ये, हिंदीनंतर चार वर्षांनी. तोवर मराठी ब्लॉग लिहिणारे हौसेवरच लिहीत होते. मायबोलीवर तर लोक १९९६ पासून एक रुपया न घेता लिहितायत आणि वाचक बघाल तर कमेंटी शेकड्यात. बंगळुरूच्या प्रतिलिपीवर मराठी कथांना वाचक आहेत, स्टिकरच्या रूपात थोडंफार मानधनही मिळतं. कथा-मालिका लिहिणाऱ्यांनी मला विचारलं तर मी तिकडं जा म्हणेन. स्टीमिटवर मी मधला मार्ग काढलाय. वर मराठी, खाली सात-आठ ओळींत इंग्रजी सारांश. भेंडवळची पोस्ट पुन्हा टाकणं तिथं चालत नाही, ती तशीच राहिली. तिच्याखाली एकच कमेंट आहे, व्हेनेझुएलाच्या एका बाईची, भाषांतर करून वाचलेली. तिनं विचारलंय की मग या वर्षी पाऊस कसा सांगितला?

पैशांचं बोलते. चार महिने, अकरा पोस्ट, हातात आलेली नाणी आजच्या भावानं साडेतीनशे रुपयांच्या आसपास. तीही सगळी लगेच काढता येत नाहीत. काही भाग स्टीम पॉवरमध्ये अडकतो आणि तो हप्त्याहप्त्यानं सुटतो. मग एक्स्चेंजवर अकाउंट, पॅन, केवायसी. १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, वर सेस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. ‘माझं उत्पन्नच नाही, मला कर कसला’ हे कारणही इथं लागू होत नाही. आणि एक्स्चेंजवर ठेवलेली नाणी म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, तेव्हा कित्येकांचे पैसे अडकले. साइटचंही तसंच. फेब्रुवारी २०२०मध्ये जस्टिन सन या उद्योजकानं स्टीमिट कंपनी विकत घेतली, नाराज लोकांनी पुढच्याच महिन्यात ‘हाईव्ह’ नावाची वेगळी चेन काढली. लिहिणारे वाटले गेले.

टेलिग्रामवर एक जण माझ्या मागं लागला होता. ‘ताई, पाच हजार भरा, पॉवर विकत घ्या, रोज मतांची गॅरंटी.’ मी ब्लॉक केला. आमच्यातल्या एकानं भरले. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या घरी हा पेपर येतो. लिहायला शाई लागते, गुंतवणूक नाही लागत. कुणी सुरुवातीलाच पैसे मागितले तर उठून चालायला लागा.

मग मी अजून का लिहितेय? चार महिन्यांपूर्वी मी लोणार नेटवरून उचलत होते, आता एसटीत वही घेऊन बसते, म्हणून. या पेपरात इंटर्नशिपसाठी आले तेव्हा सरांनी ‘काय लिहिलंस दाखव’ म्हटलं. माझ्याकडे दाखवायला अकरा पोस्ट होत्या. कॉपी केलेली पण दाखवली. सर ती वाचून काही बोलले नाहीत, भेंडवळची मात्र दोनदा वाचली.

मागच्या आठवड्यात घरी गेले होते. बाबांनी विचारलंच, ‘किती भेटले आतापर्यंत?’ मी आकडा सांगितला. ते हसले नाहीत. आजी म्हणाली, ‘लिवून का होईना, भेटले ना बाप्पा.’ मग बाबांना मी डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली ती किल्ल्यांची माळ दाखवली. हरवली तर सगळं जातं, तेही सांगितलं.

‘सगळं म्हणजे साडेतीनशे?’

‘आणि अकरा लेख.’

बाबांनी ते पान ब्लेडनं नीट कापून घेतलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली ठेवून दिलं.