‘सत्या’ला गाव का नाही?

राम गोपाल वर्मा यांचा ‘सत्या’ जुलै १९९८ मध्ये प्रदर्शित झाला. हिंदीतील गुन्हेगारीपटांचा तो मानदंड समजला जातो. भिकू म्हात्रेच्या भूमिकेसाठी मनोज वाजपेयी यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२५ मध्ये हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला. इतकी कीर्ती ऐकून मी तो पाहिला. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा मन थंडच राहिले. असे का झाले, ते मांडण्याचा हा प्रयत्न. भिकूचे भक्त आपल्या कॉलेजात पुष्कळ आहेत. त्यांनी रागावू नये.

चांगले आहे ते नाकारत नाही. भिकू आणि त्याची बायको प्यारी यांची भांडणे अस्सल आहेत. निवडणूक जिंकलेला भाऊ ऐन आनंदात भिकूला गोळी घालतो, तेव्हा अंगावर काटा येतो. पण चित्रपटाचे नाव ‘भिकू’ नाही, ‘सत्या’ आहे; आणि माझी अडचण सत्यापाशीच आहे.

हा तरुण मुंबईत येतो, बारमध्ये नोकरी धरतो, खोट्या आरोपाखाली तुरुंगात जातो. तेथे भिकू भेटतो आणि पाहता पाहता सत्या टोळीचा मेंदू बनतो. तो कुठला, पूर्वी काय करत होता, हे शेवटपर्यंत कळत नाही. समीक्षक याला गूढता म्हणतात. आमचे एक सर म्हणाले, “दिग्दर्शकाने सगळेच सांगायचे नसते.” खरे आहे. परंतु माणूस टोळीत का जातो, हाच ज्या कथेचा गाभा, तिने नेमके तेवढेच गाळले तर उरते काय? उरते नायकाचे धाडस आणि त्याची दोस्ती. मग गुन्हेगारी हा जणू अंगभूत गुण ठरतो.

आमच्या साताऱ्याकडून मुंबईला गेलेला माणूस असा कोरा कधीच गेला नाही. त्याच्या खिशात गाववाल्यांच्या खोलीचा पत्ता असे. माझे आजोबा असेच गेले. लालबागच्या एका खोलीत गावचे वीस-बावीस जण राहत. दिवसपाळीची माणसे उठली की त्याच वळकट्यांवर रातपाळीची निजत. जेवण खानावळीत, आणि महिन्याला गावी मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आजोबा गावी परतले ते कायमचे. वडिलांची शाळा सातवीत सुटली, ती त्याच पायी. (घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच.) ज्यांना परतायला गाव उरले नव्हते, त्यांच्या काही मुलांना टोळ्यांनी उचलले.

‘सत्या’ पडद्यावर येण्याच्या दीड वर्ष आधी, जानेवारी १९९७ मध्ये, खुद्द सामंतांची भररस्त्यात हत्या झाली होती. एवढे सारे ताजे असताना चित्रपटात भोंगा नाही, बंद गिरणी नाही. भिकूला आडनाव तेवढे इथल्या मातीतले दिले आहे. त्याचा बाप काय करत होता, हे कोणी विचारत नाही.

हीच गोष्ट जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात गिरणी कामगाराच्या घरात बसून सांगितली. त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ काढला. चित्रपट म्हणून तो ‘सत्या’इतका नीटस नाही, आरडाओरडा फार आहे, कित्येक प्रसंग भडक आहेत. पण घरातला नरू गुंडगिरीकडे वळतो, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या आईच्या डब्यात काय शिल्लक आहे, हे आपल्याला ठाऊक असते. ‘अधांतर’ची प्रत आपल्या ग्रंथालयात आहे, पाने थोडी सुटली आहेत, जपून हाताळावी.