घराचं झालं ऑफिस. माहितीच्या दाराला कडी कुठं?

बेळगाव/निपाणी : खानापूर तालुक्यातील बिडी गावच्या वृद्ध दाम्पत्याने मार्च २०२५ मध्ये जीवन संपवले आणि ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द सीमाभागातल्या घराघरांत पोचला. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना फोन आला होता. तुमच्या नावावर सिमकार्ड घेतलंय, त्यावरून गैरप्रकार झालेत, आता चौकशी होणार. भीतीपोटी ५० लाखांहून अधिक रक्कम गेली, सोने तारण ठेवून कर्जही काढले गेले, तरी मागणी थांबली नाही.

अशा फोनमध्ये धमकीपेक्षा माहिती जास्त काम करते. नाव, पत्ता, आधारचे आकडे समोरच्याने बरोबर सांगितले की माणूस तिथेच निम्मा खचतो. वास्तविक ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूद कोणत्याच कायद्यात नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत हेही दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळते.

मग ही माहिती बाहेर जाते कुठून? कर्नाटकातलेच उदाहरण बघा. २०२३ मध्ये मंगळूर भागात जमिनीचे, घराचे दस्त नोंदवून आलेल्या लोकांच्या खात्यातून ओटीपी न येताच पैसे जाऊ लागले. तपासात निघाले ते असे : नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ संकेतस्थळावरचे दस्त डाउनलोड करायचे, त्यावरचे अंगठ्याचे ठसे आणि आधार क्रमांक उचलायचे, ठशाची नक्कल बनवायची आणि आधारवर पैसे काढून देणाऱ्या यंत्रावर ती टेकवायची. एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम. धागा थेट बिहारपर्यंत पोचला. त्यानंतर दस्तांवरचे ठसे व आधार क्रमांक झाकण्याचे काम शासनाने हाती घेतले. यावर घरबसल्या उपाय आहे. आधारचे बायोमेट्रिक लॉक करता येते. फक्त रेशन दुकानात किंवा बँकेत अंगठा द्यायच्या आधी ते तात्पुरते उघडावे लागते, नाहीतर रांगेत उभे राहून हात हलवत परत यायची पाळी.

ही झाली आपली माहिती. २०२० नंतर मात्र दुसऱ्यांची माहितीही इथल्या घरांत राहायला आली. लॉकडाऊनमध्ये पुणे, बेंगळूरहून परतलेली पोरं निपाणी, संकेश्वर, खानापुरात माडीवरच्या खोलीत टेबल टाकून कामाला बसली. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने कॉल सेंटर, बीपीओसाठीचे दूरसंचार नियम सैल केले आणि घरून काम कायदेशीरदृष्ट्याही सोपे झाले. आता अनेकांना आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिसला बोलावतात, पण लॅपटॉप दोन्हीकडे फिरतो. त्यात कुणा विमा कंपनीचे ग्राहक असतात, कुणा परदेशी दवाखान्याचे रुग्ण. त्याच लॅपटॉपवर संध्याकाळी धाकटा भाऊ गेम उतरवतो आणि वायफायचा पासवर्ड केबलवाल्याने बसवून दिला तोच असतो, जो अख्ख्या गल्लीला पाठ आहे.

आयटीवाल्यांना निदान कंपनीचे प्रशिक्षण तरी असते. जास्त काळजीची जागा वेगळी आहे : कर सल्लागार, अकाउंट्स लिहिणारे, विमा एजंट, छोट्या पतसंस्था. एका एक्सेल फाईलमध्ये दोनशे अशिलांचे पॅन, जन्मतारीख आणि पोर्टलचे पासवर्ड. जुलैत रिटर्नची घाई झाली की तीच फाईल व्हॉट्सॲपवरून सहायकाच्या घरी. ‘ओटीपी आलाय तेवढा सांगा’ असा फोन आला की अशील निमूट सांगतो. हीच सवय उद्या चोराच्या उपयोगी पडते. रोकडवहीला कुलूप लावणारा माणूस या फाईलला साधा पासवर्डही लावत नाही, हे नवलच.

यापुढे हे महागात पडेल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होतील. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवणाऱ्याला दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. छोट्या कार्यालयाला एवढा दंड होणार नाही हे उघड आहे, पण ‘आम्ही लहान आहोत’ म्हणून कायदा लागूच नाही असेही नाही. दुसरा नियम आजच लागू आहे : सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थेने तो ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवायचा. घरून काम करणाऱ्याने चुकीच्या लिंकवर क्लिक केले आणि साहेब रागावतील म्हणून दोन दिवस गप्प बसला, तर ही मुदत केव्हाच उलटून गेलेली असते.

तिसरी बाजू आमिषाची. ‘घरबसल्या काम, रोज दोन हजार’ असा मेसेज आला नाही असा फोन आता सापडणे कठीण. हॉटेलला रेटिंग द्या, दीडशे रुपये मिळवा. ते मिळतातही. मग ‘प्रीपेड टास्क’साठी पाच हजार, पन्नास हजार, लाख. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने अशा शंभरहून अधिक वेबसाइट बंद केल्या, तरी धंदा चालूच आहे. यातला सर्वात वाईट प्रकार खाते भाड्याने देण्याचा. ‘काम काहीच नाही, तुमच्या खात्यावर पैसे येतील, पुढे पाठवा, कमिशन ठेवा.’ ते पैसे बिडीसारख्या एखाद्या घरातले असू शकतात. पोलिस आधी पोचतात ते खातेदाराच्या दारात, कारण पासबुकावर नाव त्याचे असते.

आणि फसवणारे सगळे दूर बसलेत असेही समजायला नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन नागरिकांना फोन करून लुबाडणारे बनावट कॉल सेंटर खुद्द बेळगाव शहरात पकडले गेले. तीसहून अधिक जण अटकेत गेले.

फसवणूक झालीच तर सीमाभागात आणखी एक गोंधळ होतो. आधार निपाणीचे, खाते कोल्हापूरच्या शाखेत, सिम पुण्यात घेतलेले. मग तक्रार करायची कुठे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. त्यामुळे ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर चालत नाही. मात्र ठाणे गाठण्याआधी १९३० वर फोन लावावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवायचे असतात आणि ते खाते कर्नाटकात आहे की महाराष्ट्रात, याने तिथे फरक पडत नाही. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचे नाव हाताशी ठेवावे.