लग्नसराईच्या तोंडावर लेन्सचा हिशेब

शिरूरच्या बाजारपेठेत असो की दौंड स्टेशनच्या परिसरात, फोटो स्टुडिओ आता पासपोर्ट फोटोंवर चालत नाही. ते काम मोबाईलने बरेचसे खाल्ले. उरले ते निकाह, वलीमा, साखरपुडा, बारसे आणि रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांचे थोडेफार काम. यातले मोठे उत्पन्न लग्नाचेच, आणि लग्नाला येणारे गिऱ्हाईक आज पहिला प्रश्न विचारते, "कॅमेरा मिररलेस आहे ना?" या प्रश्नाच्या धाकाने आमच्या अनेक व्यावसायिक बांधवांनी बॉडीवर सारे भांडवल घातले आणि लेन्स मात्र खोक्यातून मिळाली तीच ठेवली. आमच्या मते हा हिशेब उलटा आहे. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स त्याच्या दुप्पट काळ कमावून देते.

खोक्यातल्या लेन्सचेच उदाहरण घेऊ. सोनीच्या फुल फ्रेम बॉडीबरोबर बहुधा २८-७० एफ ३.५-५.६ ही लेन्स येते. ७० वर नेली की तिचे तोंड एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. एफ २.८ ची लेन्स त्याच ठिकाणी चौपट उजेड आत घेते. म्हणजे रात्रीच्या मांडवात जिथे एकाला आयएसओ ६४०० लावावा लागतो, तिथे दुसऱ्याचे काम १६०० वर भागते. अल्बम मोठ्या आकारात छापून आला की नवरीच्या चेहऱ्यावरचे दाणे गिऱ्हाईक आयएसओच्या नावाने नव्हे, तुमच्या नावाने मोजते.

एफ २.८ च्या झूममध्ये सोनीवाल्यांना निवड भरपूर आहे, कारण या कंपनीने आपल्या ई माउंटची मूळ माहिती २०११ मध्येच इतर उत्पादकांना विनामूल्य खुली केली. सोनीची स्वतःची २४-७० जीएम २ (२०२२) ६९५ ग्रॅमची आणि सर्वांत सरस, पण टॅमरॉनच्या २८-७५ जी २ (२०२१) पेक्षा दुपटीहून महाग. टॅमरॉन ५४० ग्रॅम भरते. सिग्माची २८-७० (२०२१) त्याहून हलकी, ४७० ग्रॅम. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या बिदाईपर्यंत कॅमेरा गळ्यात असतो, तेव्हा हा दोनशे ग्रॅमचा फरक मानेला कळतो. ज्या घरांतून जनान्याच्या कामासाठी बहिणी-मुली कॅमेरा हाती घेऊ लागल्या आहेत, त्यांनी वजनाचा विचार आधी करावा. त्या फोटोग्राफरला मागणी आहे आणि तो पैसा घरातच राहतो.

२४ आणि २८ मधील फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. निकाहच्या वेळी काझीसाहेब, वकील, गवाह आणि दूल्हा एका छोट्या खोलीत दाटीने बसतात, पाठीमागे भिंत असते, आणि तेव्हा २८ वाल्याच्या चौकटीतून एक गवाह बाहेर राहतो. जुन्या घरांतून काम करणाऱ्याने २४ ची सोय पाहावी. मंगल कार्यालयात काम करणाऱ्यास २८ पुरते.

कॅननवाल्यांची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये आलेल्या आरएफ माउंटवर बाहेरच्या कंपन्यांना २०२४ मध्ये वाट मिळाली, तीही लहान सेन्सरच्या लेन्सपुरती. फुल फ्रेमसाठी २०२४ ची २८-७० एफ २.८ आयएस एसटीएम आम्हांस व्यवहारी वाटते. वजन ४९५ ग्रॅम आणि आत हादरे सावरणारी यंत्रणा. आर ८ सारख्या बॉडीत ती यंत्रणा नसल्याने व्हिडिओ करणाऱ्यास हा मोठाच आधार. निकॉनच्या झेड माउंटवाल्यांना कंपनीची २८-७५ आहे, आणि टॅमरॉनची जी २ ही २०२४ पासून त्यांच्यासाठीही निघते.

लहान सेन्सरची बॉडी असेल तर वरच्या लेन्सच्या वाटेस जाऊ नये, त्या तिथे फार अरुंद पडतात. सिग्माची १८-५० एफ २.८ तीनशे ग्रॅमच्या आत बसते आणि सोनी, फुजी व कॅनन तिन्हींसाठी मिळते. नव्याने धंद्यात उतरणाऱ्या तरुणाला आम्ही बिनदिक्कत हीच सांगू.

जुन्या लेन्स मात्र भंगारात काढू नयेत. आरसा गेल्याने माउंट सेन्सरच्या जवळ आले. कॅननमध्ये हे अंतर ४४ मिलिमीटरवरून २० वर, निकॉनमध्ये ४६.५ वरून १६ वर उतरले. मधली जागा अडॅप्टर भरून काढतो. कॅननच्या ईएफ लेन्स त्यावर ऑटोफोकससह चालतात. निकॉनवाल्यांनी सावध असावे. ५० एफ १.८ डी सारख्या ज्या लेन्सना बॉडीतील मोटर फिरवावी लागे, त्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर फोकस हातानेच करून घेतात. धावपळीच्या कामात ते जमत नाही.

धुळीचाही विचार हवा. घोडनदीच्या काठचा उन्हाळा आणि उसाच्या गाड्यांचे रस्ते आपण जाणतो. मिररलेसमध्ये लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो, म्हणून मैदानात लेन्स बदलणे टाळावे, आणि याच कारणाने दोन सुट्या लेन्सपेक्षा एक चांगला झूम आपल्याकडे उपयोगी. पावसाळ्यात बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्याने पुष्कळ काम होते.

जुनी लेन्स विकत घेताना मागून टॉर्च मारून आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का ते पाहावे, दिसले तर किंमत न विचारता परत द्यावी. व्याजाचे हप्ते नको असतील तर दोघा-तिघा स्टुडिओवाल्यांनी मिळून एखादी ८५ ची किंवा लांब पल्ल्याची लेन्स भागीत घ्यावी. अशा लेन्स रोज लागत नाहीत. फक्त कोणाची तारीख आधी आणि मोडतोडीचा खर्च कोणी सोसायचा, हे दोन मुद्दे कागदावर असावेत.

बिलाशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या मालाचा मोह अनेकांना होतो. त्यावर कंपनीची हमी मिळत नाही, आणि दुरुस्तीला पाऊणशे किलोमीटरवर पुणे गाठावे लागते ते वेगळेच. शिवाय जे नियमित पद्धतीने जीएसटी भरतात, त्यांना लेन्सवरील १८ टक्के कर वळता करून घेता येतो. ५९ हजारांच्या लेन्समध्ये ९ हजार कराचे असतात. कंपोझिशनवाल्यांना ही सवलत नाही. बिलावर आपला जीएसटी क्रमांक आणि लेन्सचा सिरियल नंबर दुकानातच लिहून घ्यावा.