आधी श्वास

पावसाळा सरून पुळणीवर पर्यटकांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर जीवरक्षकांचा जो सराव घेतला जातो, तो पाहावा म्हणून मी भल्या सकाळी तेथे हजर झालो. आणि पोटातले पाणी काढले की बुडालेला मनुष्य वाचतो, ही आपल्याकडे घरोघर रुजलेली समजूत किती घातक आहे, याचा पुरता प्रत्यय मला आला.

ओल्या वाळूवर रबरी पुतळा उताणा ठेवला होता. पाळी आलेल्या तरुणाने त्याचे खांदे हलवून हाक मारली, एका हाताने कपाळ मागे रेटून दुसऱ्याने हनुवटी उचलली, छातीवर नजर लावून कान नाकाशी नेला, आणि दहा सेकंदांच्या आत नाक चिमटीत धरून, ओठांवर ओठ घट्ट टेकवून श्वास सोडला. छाती वर आली. "असे पाच दे, मग हात लाव," प्रशिक्षक म्हणाले. त्याबरहुकूम पाच श्वास झाल्यावर छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या निम्म्या भागावर तळहात, त्यावर दुसरा, कोपरे ताठ, आणि मिनिटाला 100 ते 120 या गतीने 30 दाब. पुन्हा 2 श्वास. दर दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल जायला हवा, त्यामुळे दुसऱ्या मिनिटाअखेर त्याचे दंड थरथरू लागले व दुसरा गडी बसला.

बुडणाऱ्याचा प्राणवायू आधी संपतो आणि हृदय मागाहून थांबते. म्हणून येथे श्वासाला अग्रक्रम. पालथे घालून पोट दाबल्याने बहुधा गिळलेले पाणीच बाहेर पडते, ओकारी श्वासनलिकेत शिरण्याचे भय वाढते, आणि मोलाची मिनिटे वाया जातात. तोंडाशी येणारा फेसही पुसत बसायचे नसते.

बुडालेल्यांना वाचवण्यासाठी ॲमस्टरडॅममध्ये 1767 साली स्थापन झालेल्या संस्थेने मुखाने श्वास देण्याचा उपाय सांगितला होता. पुढे पाठ दाबण्याच्या पद्धतींनी त्याला मागे सारले, व 1950 च्या दशकात एलम आणि सफार या डॉक्टरांच्या प्रयोगांनी तो पुन्हा प्रस्थापित झाला. इतक्या कष्टाने परत मिळालेली ही विद्या नदीकाठच्या गावाला ठाऊक नसावी, हे मला असह्य वाटते.

शुद्धीवर आलेल्यासही 108 ची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात न्यावे, कारण श्वास काही तासांनी पुन्हा बिघडू शकतो. नदी, तलाव वा समुद्र लगत असलेल्या प्रत्येक शाळेत वर्षातून एकदा तरी हा सराव व्हावा, अशी तजवीज ग्रामपंचायतींनी करावी.