झाकून ठेवलेली सूज

हत्तीरोग म्हटला की सुजलेला पाय डोळ्यांपुढे येतो. दादरा व नगर हवेलीची गणना देशातील हत्तीरोगाच्या प्रदेशांत झालेली आहे. पुरुषांत हा रोग पुष्कळदा वृषणांपाशी उतरतो, आणि ती सूज वस्त्राआड वर्षानुवर्षे झाकली जाते. म्हणून आम्ही येथे उघड लिहीत आहोत.

वृषणांची कामे दोन: पुरुषबीज निर्माण करणे व पौरुषास लागणारा रस रक्तात सोडणे. बीजास शरीराहून दोन-तीन अंश कमी उष्णता मानवते, म्हणून वृषणांची जागा बाहेर पिशवीत. हत्तीरोगाचे सुतासारखे जंत तेथील रसवाहिन्यांत राहिले की वृषणाभोवती पाणी साठते. हीच अंडवृद्धी, तिला अन्य कारणेही असतात. हा जंत डासाच्या शरीरात वाढतो हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली चीनमध्ये दाखविले. त्याची पिल्ले बहुधा रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून तपासणीचे रक्त रात्री घेतात. उगीच छळावयास कोणी अपरात्री येत नाही!

जंतांवर गोळ्या आहेत. साठलेले पाणी मात्र त्यांनी उतरत नाही. सुईने काढले तरी ते बहुधा पुन्हा भरते. त्यास शस्त्रक्रियाच हवी. दुर्वर्तनाशी या सुजेचा काडीचाही संबंध नाही, तेव्हा सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात जाण्यास लाजावे कशाला? न दुखणारी कठीण गाठ लागली तर विलंब मुळीच नको.

मुलाच्या वृषणात एकाएकी असह्य कळ उठली, तर वृषणास पीळ पडलेला असू शकतो. सुमारे सहा तासांत इलाज न झाल्यास ते निकामी होण्याचे भय असते. रात्र असली तरी निघावे.